न दाबलेलं बटण

आमच्या पेन्शनरांच्या बैठकीत एक किस्सा अजून रंगवून सांगतात. स्टेशनवर दहा वर्षं गाड्या पुकारणारी बाई आवाजाच्या परीक्षेत म्हणे तोंडात गुळणी धरून बसली. मग सगळे हसतात. ज्यांचे दात शाबूत आहेत ते जरा जास्तच हसतात. मीही हसत आलो. आता ऐंशी उलटली, खोटं हसायला लागतो तेवढा दमही उरला नाही, म्हणून खरं काय झालं ते सांगून टाकतो.

कॅसेटचे दिवस होते. झाशी स्टेशनवरच्या घोषणा यापुढे आधी भरून ठेवून वाजवायच्या, असं वरून ठरलं. इच्छुक कर्मचाऱ्यांनी आपल्या आवाजाची कॅसेट पाठवायची होती. पुकारणाऱ्या बाईंची जागाच रद्द होणार होती. त्यांची निवड झाली तर त्या झाशीत राहणार, नाहीतर दीड-दोन तासांवरच्या मऊरानीपुरला तिकीट खिडकीवर बदली. त्यांचं घर झाशीतच, मानिक चौकात, घरात अंथरुणाला खिळलेली सासू. मी चौकशीच्या खिडकीवर बसायचो. माझं काहीच जाणार नव्हतं. मला नुसती हौस होती. आमचे पूर्वज इथं तलवारी घेऊन आले म्हणतात. माझ्या हातात आला टेपरेकॉर्डर.

त्याचं शास्त्र मी स्वतःच बसवलं होतं. खोली घुमते, म्हणून माणूस आणि यंत्र दोघांवरून रजई. माइक तोंडापासून एक वीत, आणि जरा बाजूला, नाहीतर ‘प्लॅटफॉर्म’ म्हणताना फुंकर बसते. आदल्या दिवसापासून लोणचं बंद. आणि मुख्य म्हणजे वाचायचं नाही, सांगायचं. समोर एकच घाबरलेला प्रवासी उभा आहे असं समजून.

“अहो, तो घाबरलेला प्रवासी मीच आहे,” बायको म्हणाली. “जूनमध्ये रजईत शिरून गाड्या सोडणारा नवरा बघून कोण घाबरणार नाही?”

माझी कॅसेट बरी झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी बाई आमच्या क्वार्टरवर आल्या. “भैयाजी, हमारी भी भर दीजिए.”

त्यांचा आवाज असा, की गाडी चार तास उशिरा असली तरी ती येणार याची खात्री वाटायची. माझ्या आवाजात वेळेवर आलेल्या गाडीबद्दलही शंका यायची. हे मला रजईत शिरण्याआधीच माहीत होतं.

त्यांनी सुरुवात केली. दोन वाक्यं अशी झाली, की दारात उभी असलेली बायको पदराला हात पुसायचं विसरली. आणि बाई मध्येच थांबल्या. स्टेशनवर पुकारणाऱ्यांना सवयच असते. गाडी धडधडत आली की थांबायचं, ती गेली की पुढे बोलायचं. मालगाडी कानाला कळण्याआधी त्यांच्या तळपायांना कळायची. आमचं क्वार्टर रुळांना लागूनच. फरशी थरथरली, त्यांनी रजईतून हात काढून बोट वर केलं. म्हणजे, थांबवा. थांबवायचं बटण रजईत सारलेल्या माझ्या हाताच्या अंगठ्याखालीच होतं. मी ते दाबलं नाही. रजईखालच्या टेपला गाडी ऐकू गेली नाही. तिनं फक्त बाईंची शांतता भरून घेतली. पुढच्या मालगाडीलाही मी तेच केलं.

“बीच का काट दिया न?”

“जी, काट दिया.”

“एक बार सुन लें?”

“सेल उतर जाएँगे,” मी म्हणालो. टेपरेकॉर्डरची वायर भिंतीतल्या प्लगमध्ये खोचलेली होती. त्यांनी ती पाहिली, आणि माझ्यावर विश्वास ठेवला.

निवड माझी झाली. त्या रोज सकाळी मऊरानीपुरची गाडी धरायला यायच्या, ती उशिरा असायची, आणि डोक्यावरच्या भोंग्यातून मी त्यांना म्हणायचो, असुविधा के लिए खेद है. एवढीच माफी मी मागितली, तीही रेल्वेच्या वतीनं. सासू गेली तेव्हा त्या तिकडे तिकिटं देत होत्या.

गेल्या महिन्यात मी मानिक चौकात जाऊन त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी पानदान उघडलं, पान काही लावलं नाही.

“हम तो समझे, हमारी आवाज़ ही खराब है,” त्या म्हणाल्या. “तब से भजन तक नहीं गाया.”

मी म्हणालो, सब लिख रहा हूँ, मराठी में.

“वाह! मराठी यहाँ पढ़ेगा कौन? आपके पोते तक नहीं पढ़ते.” त्यांनी पानदान खटकन मिटलं. “आदमी छिपना चाहे तो मराठी में लिखे. जिनके साथ हँसे थे, उनको बोलिए. हिंदी में. माइक पर.”

बैठक येत्या रविवारी आहे. पहिल्या रांगेत एक खुर्ची ठेवायला त्यांनी सांगितलं आहे. ती मीच नेऊन ठेवणार आहे.