त्यांचं भाषण, माझ्या तोंडून

रविवारी दवाखान्याला कुलूप दिसलं की आमचे पेशंट एकमेकांना सांगायचे, "डाक्टर शाळंत गेल्यात." शाळा म्हणजे आम्हा डॉक्टरांचा शिकवणीवर्ग. थोड्या थोड्या महिन्यांनी तो अलिबागच्या एका सभागृहात भरायचा. मुंबईहून कुणी तज्ज्ञ यायचा आणि एखाद्या आजाराची नवी तपासणी, नवी औषधं, बदललेले डोस सांगायचा. परवाना टिकवायला या वर्गांचे गुण लागतात, म्हणून बरेच जण सहीपुरते यायचे आणि जेवणापर्यंत थांबायचे. माझा नवरा खरोखर शिकायला जायचा.

आम्ही कॉलेजात एकाच वर्गात होतो. त्यामुळे अहो-जाहो कधी जमलं नाही, सासूबाईंसमोर तेवढं सांभाळायचे. तो म्हसळ्याजवळच्या भातशेतीच्या गावातला. शिकून इथेच परतायचं हे त्याचं आधीपासून ठरलेलं होतं. मी दादरची, त्याच्या मागोमाग आले आणि इथलीच झाले. वर्गाच्या दिवशी आम्ही सकाळी दिघीला गाडी फेरीबोटीत चढवायचो, खाडी ओलांडून आगरदांड्याला उतरायचो, मग मुरूड, रेवदंडा, चौल करत अलिबाग. चौलच्या नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून जाताना तो मागच्या वेळचं भाषण मला पुन्हा सांगायचा. मी त्याच्या शेजारी बसून ते ऐकलेलं असायचं, पण त्याला त्याचं काही नसे.

प्रश्न विचारायला तो सगळ्यांत आधी उठायचा. "हे मशीन आमच्या तालुक्यात नाही. त्याच्याशिवाय कसं ओळखायचं ते सांगा." काही तज्ज्ञ वैतागायचे, काही खुलायचे. सोमवारी तो हे सगळं पेशंटांना त्यांच्या भाषेत समजावून द्यायचा. दम्याचा पंप कसा ओढायचा हे त्याने एका कोळणीला एवढं घोटून शिकवलं, की पुढे तिच्या वस्तीतले लोक आमच्याकडे न येता तिच्याकडेच जायला लागले. त्याचा त्याला कोण आनंद!

मग एका वर्षी त्याच्या हातातून वस्तू निसटायला लागल्या. इंजेक्शनची काचेची कुपी फोडायला तो डावा हात वापरू लागला. गाडीची चावी फिरवताना अंगठा घसरायचा. शर्टाचं वरचं बटण लावायला मला हाक मारायचा. मानेचा एक्स-रे काढला, त्यात थोडी झीज दिसली. या वयात ती कुणाच्याही मानेत दिसते. "मानेचंच असणार," तो म्हणाला, आणि मलाही तेच खरं असावं असं वाटत होतं.

दिवाळी उलटल्यावर पुन्हा वर्ग भरला. विषय होता मज्जातंतूंच्या आजारांचं लवकर निदान. शिकवणारी डॉक्टर तरुण होती, बोलणं स्वच्छ होतं. तिने पडद्यावर एक हात दाखवला. अंगठा आणि तर्जनीच्या मधला मांसल भाग बसलेला, तिथे खळगा पडलेला. "ही मोटर न्यूरॉन डिसीजची सुरुवात," ती म्हणाली. "स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी मरत जातात. आधी हात किंवा पाय, मग बोलणं, गिळणं, शेवटी श्वास. बुद्धी बहुतेक वेळा शाबूत असते."

मी शेजारी पाहिलं. त्याने उजवा हात मांडीवर उताणा ठेवला होता आणि तो त्याच्याकडे बघत होता.

भाषण संपल्यावर तो उठला. "एक पेशंट आहे. हाताची ताकद कमी होतेय. दुखत नाही, मुंग्या येत नाहीत. एक्स-रेत मानेची झीज आहे. मानेचं म्हणून थांबायचं का?"

"दुखत नाही, बधिरपणाही नाही, म्हणूनच मला जास्त काळजी वाटेल, सर," ती म्हणाली. "स्नायू आतल्या आत फडफडतात का?"

"फडफडतात."

"मग थांबू नका. पेशंटला माझ्याकडे पाठवा. वय काय त्यांचं?"

त्याने स्वतःचं वय सांगितलं आणि खाली बसला. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. जेवणाच्या रांगेत आम्ही ताटं घेऊन उभे राहिलो, लोकांशी बोललो. मी काय बोलले ते मला आठवत नाही.

परतताना फेरीबोटीवर गाडीतून उतरून तो कठड्याशी गेला. उन्हं कलली होती. त्याने बाही वर केली आणि दंड माझ्यापुढे धरला. कातडीखाली काहीतरी वळवळत होतं, थांबत होतं, पुन्हा वळवळत होतं.

"कधीपासून?"

"लावणीच्या दिवसांत पहिल्यांदा दिसलं."

"आणि तू मला काही बोलला नाहीस?"

"बोललो असतो तर ते खरं झालं असतं."

मी त्याचा दंड दोन्ही हातांनी घट्ट धरला, जणू धरून ठेवलं तर ते थांबेल. शेजारी एक पर्यटक कुटुंब हरिहरेश्वरला निघालेलं, त्यांची लहान मुलगी आमच्याकडे टक लावून बघत होती. त्याने बाही खाली ओढली आणि तिच्याकडे बघून हसला.

मुंबईतल्या तपासण्यांनी तेच सांगितलं. एका मोठ्या डॉक्टरांनी कागद बघितले आणि म्हणाले, "तुम्ही दोघंही डॉक्टर आहात, तुम्हाला काय सांगायचं? यात करण्यासारखं काही नाही." आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. त्या तरुण डॉक्टरने मात्र एक वाट दाखवली. या आजाराच्या काही थोड्या रुग्णांत एका विशिष्ट जनुकाचा दोष असतो, आणि त्यांच्यासाठी आता नवं औषध निघालंय. आम्ही रक्त पाठवलं. अहवाल यायला आठवडे लागले. त्या काळात आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या माणसात एखादा दोष निघावा म्हणून देवाला हात जोडले. तो दोष निघाला नाही.

"बघ," तो म्हणाला, "औषध निघालं, पण दुसऱ्या कुणाचं."

त्यानंतरही तो दवाखान्यात बसला. तो तपासायला सांगायचा, मी पेशंटच्या पोटावर हात ठेवायचे, तो विचारायचा, मी लिहायचे. पुढे त्याचं बोलणं जड झालं, शब्द एकमेकांत अडकायला लागले. पेशंट आधी त्याच्याकडे बघायचे, मग माझ्याकडे. मला सगळं कळायचं. त्याचं अर्धं वाक्य ऐकून मी पूर्ण सांगायचे.

वर्गाच्या आयोजकांना आजाराचं कळलं तेव्हा त्यांनी भीत भीत विचारलं, सर काही बोलतील का. मी नाही म्हणणार होते. त्याने हो म्हटलं. विषय त्यानेच निवडला: औषध नसतं तेव्हा डॉक्टरने काय करायचं.

त्या दिवशी त्याला चाकांच्या खुर्चीतून सभागृहात नेलं. तो एकेक वाक्य बोलायचा आणि मी ते माइकवर म्हणायचे. सभागृह गच्च भरलं होतं. सहीपुरते येणारेही बसून राहिले होते.

"माझं निदान मला इथेच कळलं," मी त्याच्या वतीने म्हणाले. "ज्या डॉक्टरबाईंनी शिकवलं त्यांचे आभार. शिकवलेलं वाया गेलं नाही."

हसावं की नाही ते कुणाला कळेना.

"करण्यासारखं काही नाही, असं पेशंटला कधीही म्हणू नका. ते खोटं आहे. लाळ कमी करता येते. झोप देता येते. रात्री श्वासाला मशीन लावता येतं. खुर्ची ओढून पाच मिनिटं बसता येतं. मला बरं करा असं मी कुणाला म्हटलं नव्हतं. मी बसा म्हणत होतो."

मग तो थांबला. दम घेतला. पुढचं वाक्य मला नीट कळलं, तरी मी गप्प राहिले. त्याने पुन्हा तेच म्हटलं. मी मान हलवली. त्याने डोळ्यांनी माइक दाखवला.

"पेशंटला तुम्ही विचारता, कसे आहात," मी म्हणाले. "त्याचं सगळं करणाऱ्या माणसाला विचारत नाही. माझ्या बायकोला कुणी विचारलेलं नाही." इथे मी माइक खाली केला. त्याने वाट पाहिली. मला ते म्हणावंच लागलं. "मीसुद्धा नाही."

नंतर कोण काय बोललं, टाळ्या झाल्या की नाही, मला सांगता येणार नाही. कुणीतरी माझ्या हातात पाण्याचा ग्लास दिला.

परतताना गाडी शेजारीच राहणाऱ्या भाच्याने चालवली. फेरीबोटीवर तो खाली उतरला, आम्ही दोघं मागे बसून राहिलो. नवऱ्याने माझ्याकडे तोंड वळवलं आणि फार कष्टाने विचारलं, "कशी आहेस?"

मी सांगितलं. पाठ दुखते. त्याला उचलताना कधी कधी त्याचा राग येतो आणि मग स्वतःचा येतो. त्याच्या आधी आपण मरावं असं वाटतं, आणि मग त्याचं कोण करील म्हणून तसं मनात आणायचीही सोय नाही. दिघीचा धक्का येईपर्यंत मी बोलत होते. त्याने मध्ये एकही शब्द टाकला नाही. त्याला तो टाकता आला असता.

भातं कापणीला आली तेव्हा तो गेला. छातीत कफ साठला होता. गळ्यात नळी घालायची नाही, हे त्याने आधीच सांगून ठेवलं होतं, आणि मी ते पाळलं. दुपारची वेळ होती, तो झोपेतच होता. बाहेर खळ्यावर सासूबाई कुणाशी तरी बोलत होत्या, त्यांना मी लगेच हाक मारली नाही. थोडा वेळ आम्ही दोघंच होतो.

वर्गाला मी बरेच महिने गेले नाही. मग गुणांसाठी जावं लागलं. विषय मधुमेहाच्या नव्या औषधांचा होता. जेवताना श्रीवर्धनकडचा एक तरुण डॉक्टर माझ्याजवळ येऊन घुटमळला. त्याच्याकडे त्याच आजाराचा एक खलाशी होता. "मॅडम, तुम्ही एकदा बघाल का?"

मी गेले. खलाशी घरात खाटेवर होता, अजून बोलू शकत होता. बोटीचं, माशांचं बोलला. मी त्याला तपासलं, रात्री श्वासाला लावायच्या मशीनचं समजावलं. मग बाहेर आले. त्याची बायको अंगणात सुकत घातलेली सुकट उलटवत होती. मी तिच्या शेजारी बसले आणि विचारलं, "तुमचं कसं चाललंय?"

तिने हात पुसले. मग हळूच म्हणाली, "बाई, तुमचं मालक बी याच दुखण्यानं गेलं न्हवं? शेवटाला लय तरास झाला का वो त्यांना?"

"नाही," मी म्हणाले. "झोपेत गेले. आधी श्वास अडकायचा, त्याला आम्ही औषध देत होतो. शेवटी त्रास नव्हता."

"खरं सांगताव?"

"खरं सांगते."

तिने मान डोलावली. मग पदर तोंडाला लावून ती रडायला लागली. मी उठले नाही. ऊन पाठीवर आलं होतं, सुकट अर्धी उलटवायची राहिली होती. ती शांत झाल्यावर आम्ही दोघींनी मिळून ती उलटवली.