आमच्या ओट्यावरचा सोडा

मंडळी, आज दुपारी मुलुंडच्या आमच्या घरात, स्वयंपाकाच्या ओट्यावर सोड्याचं मशीन बसलं. ओट्याखाली सोड्याच्या गॅसचा सिलिंडर, वर चकचकीत नळ. दाबला की थंडगार सोडा!

मशीन बसवणारा जातो न जातो तोच सोसायटीचे सेक्रेटरी दारात. "वहिनी, घरात बार काढलात म्हणे? मशीन वर नेताना पाहिलं, लोक बोलतायत."

मी तोंड उघडायच्या आत माझा नवरा विनय पुढे आला. त्याची दारू अख्ख्या बिल्डिंगला माहीत होती. सोडल्याचं मात्र त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. पुन्हा सुरू झाली तर लोक हसतील, ही भीती.

"काका, दारू सोडलीय मी," तो म्हणाला. "पण संध्याकाळ झाली की हात ग्लास शोधतो. म्हणून हे मशीन. या, कोकम सोडा घ्या."

काका "नको, नको" करत निघाले. मी मुद्दाम दार उघडंच ठेवलं. जिन्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसू असे आम्ही दोघं सोडा पीत बसलो.

तो दारू पीत होता तेव्हा एकानेही आमची बेल वाजवली नाही. आज सोडा पितोय तर तक्रार? खुशाल करा. मशीन हलणार नाही.

तुम्हीच सांगा, माझं काही चुकलं का?