गाडी माझ्या नावावर आहे

गाडी घ्यायची बुद्धी मला पाहुण्यांच्या गाड्या बघून झाली. नागावला वाडीच्या मागच्या बाजूला आमच्या तीन खोल्या आहेत, पर्यटकांसाठी. जेवण मी करते, बुकिंगचे फोन मी घेते, चादरीही मीच वाळत घालते. एका शनिवारी अंगणात एक उंच, आखूड, निळी गाडी शिरली आणि चालवणाऱ्याच्या बाजूने एक बाई उतरली. माझ्याएवढीच बुटकी, वयानं माझ्यापेक्षा मोठी. शेजारच्या सीटवर तिची म्हातारी आई होती. लेकीनं नुसता हात पुढे केला आणि आई उतरली. वाकणं नाही, कण्हणं नाही, पाय शोधत बसणं नाही. मी मागच्या दारी सुरमई कापत होते. हातातला तुकडा विळीवर तसाच ठेवून बघत राहिले आणि मनात म्हटलं, बस्स, मला हीच गाडी पाहिजे.

कारण माझी आई. ती खाडीपलीकडे राहते, दिघीच्या पुढे आतल्या एका गावात, एकटी. इथून जायचं तर रेवदंड्याचा पूल, मग काशीद, मुरूड, आगरदांडा, तिथून फेरीबोट, आणि पलीकडे पुन्हा रस्ता. तिचे गुडघे पार गेलेत. एसटीची पायरी चढवत नाही, रिक्षात वाकून शिरता येत नाही, बुटक्या गाडीत बसली तर उठवायला दोन माणसं लागतात. माझ्या खोल्या बांधून झाल्यापासून ती एकदाही इकडे आलेली नाही. मी इथं काय उभं केलंय ते तिनं फक्त फोनवर ऐकलंय. आईला माझ्या गाडीत, माझ्या शेजारी बसवून, मी स्वतः चालवत नागावला आणायची, एवढीच माझी हौस होती. मी काही विमान मागितलं नव्हतं.

अलिबागला जाऊन आधी गाडी शिकले. लायसन काढलं. मग खोल्यांतून साठवलेल्या पैशांवर, नवऱ्याला बरोबर घेऊन, गाडी घ्यायला निघाले. शोरूममधला माणूस टाय लावलेला, गोड बोलणारा. तो सगळं यांच्याकडे बघून सांगत होता. इंजिन सर, मायलेज सर, खड्ड्यातून काय निघते सर. मध्येच माझी आठवण झाली तेव्हा त्यानं समोरच्या काचेवरची उन्हाची झडप खाली ओढली आणि म्हणाला, "मॅडम, हा आरसा खास तुमच्यासाठी." मी विचारलं, "खालून किती उंच आहे ही? आमच्या वाडीत पावसाळ्यात चिखल होतो." त्यानं उत्तर यांना दिलं. सही करायची वेळ आली तेव्हा कागद यांच्यापुढे सरकवला. हे हसत म्हणाले, "अहो, मालकीण ती आहे. रंगसुद्धा तीच ठरवणार." केवढं मोठं मन! मला रंग मिळाला. बाकी सगळी गाडी यांना.

यांच्यावर मी चिडते, पण यांना वाईट कोणी म्हणू नये, मीसुद्धा म्हणत नाही. दारू नाही, शिवी नाही, आवाज चढवणं नाही. कंपनीतून आले की माझ्याबरोबर लसूण सोलायला बसतात. म्हणून तर माझी पंचाईत. दुष्ट नवऱ्याशी भांडता येतं. हे म्हणतात, "दे, मी घेतो, तू दमली असशील," आणि चावी माझ्या हातातून अलगद काढून घेतात. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय!

गाडी आली त्या दिवशी चाकांखाली लिंबं मी ठेवली, हार मी घातला, नारळ मी फोडला आणि चौलच्या देवळापर्यंतची पहिली फेरी यांनी मारली. मग दिरांनी मारली, "वहिनी, जरा बघतो कशी पळते." मग पेणहून आलेल्या भाच्यानं. सर्व्हिसिंगवाल्यानं, टायरवाल्यानं. शेजारच्या लग्नात नवरा मुलगा आणायला गाडी गेली तर ती चालवली कोणी, मला अजून माहीत नाही. माझी गाडी अर्ध्या नागावनं चालवून झाली तेव्हा मी शेजारच्या सीटवर पिशव्या मांडीवर घेऊन बसलेली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते ठाऊक होतं, पण इथं तर नागोबांची रांगच लागली.

कधीमधी मी चालवायला बसले तर हे शेजारी. तो अनुभव शत्रूलाही येऊ नये. त्यांच्या पायाखाली ब्रेक नाही हे त्यांना मान्यच नाही. पाय आपटत राहतात. "ब्रेक. अगं, ब्रेक. बैल. बैल आला." बैल लांब, तळ्यापाशी. "डावीकडे घे. एवढं डावीकडे नको. माड लागेल." चावडीपाशी पोचेपर्यंत दोघंही घामाघूम. मग मीच वैतागून गाडी थांबवते, उतरते, आणि हे समजूतदारपणे चालवणाऱ्याच्या जागी येऊन बसतात. सीट सर्रकन मागे सारतात. पुढच्या वेळी मी बसले की पाय हवेत. आरसे यांच्या डोळ्यांना लावलेले, त्यात मला आभाळ दिसतं. दर वेळी सगळं नव्याने ओढायचं, वाकवायचं, आणि तेवढ्यात खिडकीपाशी कोणीतरी उभं, "काय वहिनी, जमतंय ना?"

गाडी सांभाळायचं काम मात्र माझ्याकडे. समुद्र हाकेच्या अंतरावर, खारा वारा पत्रा खातो, म्हणून रोज पुसायची. पाहुणे किनाऱ्यावरून वाळू घेऊन येतात, ती पायपुसण्यांतून झाडायची. वाडीत गाडी उभी करायची म्हणजे माडाखाली. सुकी झावळी पडून टपावर एक पोचा आलाच. त्यावर हे आठवडाभर सुतकात. मग वर जाळं बांधलं, आणि ते जाळंही दर महिन्याला साफ करायचं. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं, पण इथं घोडं मीच माझ्या पैशांनी आणलेलं, बोलणार कुणाला? सर्व्हिसचे मेसेज यांच्या फोनवर येतात. तिथल्या मुलीला मी स्वतः सांगून आले, गाडी माझ्या नावावर आहे, नंबर माझा घाला. ती म्हणाली, "हो मॅडम, सरांना कन्फर्म करायला सांगा."

आईकडे मात्र जाणं होईना. मी विषय काढला की यांचं कारण तयार आणि प्रत्येक कारण रास्त. शिफ्ट आहे. रस्ता खोदलाय. रविवारी काशीदला मुंबईची गर्दी असते. "मी आहे ना, मी नेईन. एकटी कशाला?" एकदा गेलो तेही श्रीवर्धनला यांच्या चुलतभावाच्या वास्तुशांतीला. मागे सासू, आत्या आणि जाऊ. आगरदांड्याला फेरीबोटीवर गाडी उलटी चढवावी लागते, म्हणजे जेट्टीवर वळवून मागच्या मागे. ओहोटी होती, उतार ओला होता. यांनी दोनदा प्रयत्न केला, गाडी तिरकी झाली, मागे टेम्पोवाला हॉर्न मारायला लागला. यांनी खाली उतरून बोटीवरच्या माणसाला चावी दिली. मी शेजारी बसूनच होते. लायसन पर्समध्ये. यांच्या मनात ते आलंसुद्धा नाही, आणि मी बोलले नाही, कारण मागे सासूबाई होत्या.

वाटेत चहाला आईकडे थांबलो. आई काठी टेकत दारात आली, ताम्हण घेऊन. गाडीला कुंकू लावलं, जावयाला ओवाळलं. "लई झ्याक गाडी घेतलीत," असं यांना म्हणाली. हे म्हणाले, "तुमच्या लेकीनं घेतली." आई हसली. जावई चेष्टा करतोय असं तिला वाटलं. तिला आणायला गाडीत जागा नव्हती. मी पुढे बसले होते आणि गाडी निघेपर्यंत तिच्याकडे बघायचं टाळत होते.

त्यानंतर मी ठरवलं. मार्चात शाळांच्या परीक्षा असतात, पाहुणे नसतात. यांची पहिली पाळी होती, कंपनीच्या बसनं जायचे होते. सकाळच्या चहाला सांगितलं, "मी आज आईला आणायला जाते."

"रविवारी जाऊ की आपण."

"आपण नाही. मी. आज."

यांनी चहा संपवला. मग म्हणाले, "बरं. पण बोटीवर चढवायच्या वेळी चावी तिथल्या माणसाला दे. मी पण दिली होती." एवढ्या साध्या बोलण्याचा मला इतका राग आला की डबा भरताना पोळी फाटली.

मी निघाले. साळावपर्यंत हात घट्ट, काशीदच्या चढावर जरा सैल झाले. यांचे फोन येत राहिले. गाडीच्या पडद्यावर, बरोब्बर समोर, यांचा हसरा फोटो यायचा. मी घेतले नाहीत. मुरूडला चहा प्यायला थांबावंसं वाटलं, पण थांबले तर अवसान गळेल म्हणून तशीच पुढे गेले.

आगरदांड्याला पुन्हा ओहोटीच. बोट लागलेली. बोटीवरच्या शिट्टीवाल्यानं हात केला, वळवा. एका मोटारसायकलवाल्यानं काचेवर टकटक केलं, "ताई, लावून देऊ का?" मी म्हटलं, "नको." आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. गाडी वळवली. मागच्या कॅमेऱ्यात उतार दिसत होता, शेवाळलेला. शिट्टीवाला हात हलवत होता, मी त्याचे हात बघितले आणि हळूहळू सोडत गेले. चाकं लोखंडावर चढली तेव्हा धडाड आवाज झाला. मग गाडी सरळ आत जाऊन उभी राहिली. एका दमात. शिट्टीवाला तिकिटाला आला तेव्हा म्हणाला, "बराबर आली हो." मला त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली. पाणी प्यायले आणि एकटीच हसत बसले. खाडी ओलांडेपर्यंत मी खरंच सुखात होते, हे लिहून ठेवते, कारण तेवढंच होतं.

आईच्या दारात हॉर्न वाजवला. ती काठी घेऊन बाहेर आली, मला बघितलं, आणि गाडीला वळसा घालून पलीकडच्या दाराकडे गेली. काचेतून आत वाकून बघितलं.

"जावय कुटं हायत?"

"कामावर गेलेत."

"मग गाडी कोनी आनली?"

"मी."

"तू? येकटीनं? बोटीवरनं?"

"व्हय." तिच्यापुढे मला आपोआप तिचंच बोलणं येतं. "तुला न्यायला आलेय. कपडे भर. चार दिवस राहा, मी परत आणून सोडीन."

आई पायरीवर बसली. मला वाटलं तिचा ऊर भरून आला. ती म्हणाली, "आलीस ती आलीस, पन आता परत कशी जाशील?"

मी समजावलं. दार उघडून दाखवलं, बघ, वाकायला नको, नुसतं टेकायचं. तिनं सीटवर हात दाबून बघितला. बसली नाही. मी म्हटलं, भीती वाटते का? तर म्हणाली, "मला कसली भीती! माजं काय ऱ्हायलंय? पन वाटेत तुला काय झालं, तर मी जावयांना काय तोंड दाखवू? ते आले की येईन त्यांच्यासंगं. आइतवारी या."

"आई, गाडी माझी आहे. माझ्या पैशांची. माझ्या नावावर आहे."

"व्हय गं. घरात कुनाच्या पन नावावर आसंल. चालवनारा मानूस आसला म्हंजी जिवाला घोर न्हाय."

मी ओरडले. आईवर मी इतक्या वर्षांत ओरडले नव्हते. शेजारची बाई कुंपणापाशी येऊन उभी राहिली. आई आत गेली आणि मला भात वाढला. मी रागानं जेवले आणि जेवताना रडले. ती समोर बसून "आनी घे, आनी घे" म्हणत होती.

निघताना तिनं तांदळाची मोठी पिशवी शेजारणीकडून उचलून आणवली. मी मागचं दार उघडायला गेले तर म्हणाली, "फुडंच ठेव, मागं लवंडंल." पिशवी पुढच्या सीटवर ठेवली. गाडी चालू केली आणि ती टणटण बोंबलायला लागली.

"का गं वरडती?" आईनं काचेतून विचारलं.

"सीटवर वजन आहे. तिला वाटतंय माणूस बसलंय. पट्टा लावा म्हणतेय."

"मग लाव की."

मी वाकून पट्टा ओढला, तांदळाच्या पोटावरून घेतला आणि खट्कन अडकवला. आवाज थांबला. आईनं समाधानानं मान हलवली.

"हां, आता बसली नीट," ती म्हणाली. "सावकास जा. आनी पोचलीस की जावयांना मला फोन कराय सांग."