काचेतलं लेकरू

शिरड शहापूरच्या शाळेत साधना माझी विद्यार्थिनी. मेंढ्या राखणाऱ्या चंद्रभागाबाईंची एकुलती एक लेक. शिकून ती पुण्याच्या एका प्रयोगशाळेत लागली. शेळीच्या गुडघ्यातल्या पेशी जाळीदार साच्यावर पेरायच्या आणि त्यांतून नवी कूर्चा, म्हणजे सांध्यातलं मऊ हाड, वाढवायची, हे तिचं काम. साचा काचेच्या भांड्यात हळूहळू फिरत राहतो. आत अंगाइतकी ऊब लागते, पोषक द्रव वेळच्या वेळी बदलावा लागतो.

मी हे सगळं चंद्रभागाबाईंना समजावून सांगितलं. त्यांच्या ध्यानात एवढंच राहिलं, की त्या भांड्यापायी लेक घरी येत नाही.

"म्या हिला पाठीला बांधून रानोमाळ हिंडले, गुरुजी. अन् हिला काचेतलं लेकरू सख्खं!"

फोनवरही तेच. "जेवलं का तुजं लेकरू? मायचं इचारू नको."

२००६ सालच्या नागपंचमीला तरी ये, म्हणून त्यांनी झोका बांधला. साधनाचा निरोप आला, "माय, त्याला सोडून कसं येऊ?"

"जळो तुजं ते भांडं!" म्हणत बाईंनी फोन आपटला.

आठवड्याच्या आतच भांड्यात बुरशी शिरली. सगळं टाकून द्यावं लागलं. पंचमीच्या आदल्या दिवशी साधना घरी हजर.

"माजीच नजर लागली," बाई माझ्या कानाशी म्हणाल्या.

"बुरशी नजरेनं लागत नसते."

"तुमाला काय ठावं, मी किती जळत व्हते!"

पंचमीला साधनाच्या ताटातली पुरणाची दिंडं तशीच राहिली. झोक्याकडे तिनं पाहिलंही नाही. बाई थोडा वेळ तिला न्याहाळत राहिल्या. मग उठून दिंडं फडक्यात बांधू लागल्या.

"काहून गं माय?"

"कोकरू मेलं की मेंढी अशीच बसती, चारा सोडून. मंग मी तिच्या पुढ्यात दुसरं पोरकं कोकरू सोडती. जा, दुसरं लाव."

एसटीत बसवायला मीही गेलो होतो. खिडकीशी बाईंचा जीव पुन्हा जळला.

"साधे, मी मेल्यावर असंच जेवन सोडशील का?"

"न्हाई. तूच उठून रागावशील."

"रागावीन. तरी सोड. त्या भांड्यापरीस एक येळचं जेवन जास्त."

गाडी हलली. साधना हसत डोळे पुसत होती. बाईंनी मात्र तिच्याकडून हो म्हणवून घेतल्याशिवाय खिडकीचा गज सोडला नाही.