आधी भाषण, मग जेवण

दत्ता गेल्याचा फोन आला तेव्हा मी इंग्लंडात, रीडिंग गावच्या स्टेशनवर होते. नागपूरच्या मेडिकल कॉलेजपासूनचा माझा मित्र. इथल्या हॉस्पिटलात भूल देण्यात त्याचा जन्म गेला. माझे डोळे कोरडे होतात न होतात तोच दुसरा फोन, त्या बड्या प्रायव्हेट शाळेच्या फंडरेझिंगवाल्या बाईंचा. डॉक्टरांच्या आठवणीत डिनर ठेवतोय, म्हणाल्या. शी!

त्या शाळेच्या स्कॉलरशिप फंडाला दत्ता दरवर्षी देणगी द्यायचा. देणगीवर सरकार टॅक्समधून भर घालतं, देणाऱ्यालाही सूट मिळते, आणि स्वतःचे घोडे बाळगणारी ही शाळा कागदोपत्री चॅरिटी! "अरे, त्यांची मैदानं माझ्या टॅक्सवर कशाला हिरवी ठेवतोस?" मी भांडायचे. "चार पोरं आत जातात ना, तुझं काय जातं?" तो म्हणायचा. एकदा मला त्यांच्या डिनरला घेऊन गेला. सूप आलं, आणि स्कॉलरशिपवरच्या एका मुलीला उभं करून आईचं साफसफाईचं काम, घरातली ओल, सगळं तिच्याकडून वदवून घेतलं. लोक वाइन पीत माना डोलावत होते. दत्ताने चमचा खाली ठेवला तो ठेवलाच. परतताना गाडीत म्हणाला, "लहानपणी मी वार लावून जेवायचो. गुरुवारच्या घरी पाहुणे असले की आधी मला गीतेचा अध्याय म्हणायला लावायचे. पान समोर... वाढलेलं." मुलांना असं उभं करू नका, हे त्याने शाळेला बजावलं. "देणगीदारांना आवडतं," असं उत्तर आलं. देणगी थांबवावी तर त्याच्या शेजारच्या इराची त्या शाळेतली स्कॉलरशिपची जागा जाणार. तिची आई म्हाताऱ्यांच्या केअर होममध्ये राबते. मग काय, देत राहिला आणि चरफडत राहिला.

आता त्याच्याच नावाच्या डिनरला इराने बोलायचं होतं. "काकू, मला नाही बोलायचा," इथेच वाढलेली ती तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, रडवेली झाली. "पण सिक्स्थ फॉर्मचा स्कॉलरशिप अजून कन्फर्म नाही केला त्यांनी." अकरावी-बारावीची दोन वर्षं टांगणीला. मी त्या बाईंना फोन लावला. "छे छे, तिच्यावर प्रेशर अजिबात नाही," त्या मधाळ आवाजात म्हणाल्या, "फक्त कमिटी त्याच आठवड्यात बसतेय." मला किळस आली. अजून येते.

इरा बोलली. दत्ताच्या हसऱ्या फोटोखाली उभी राहून आईच्या नाइट शिफ्ट, थंडीतही बंद ठेवलेलं हीटिंग, सगळं बोलली. टाळ्या झाल्या, फोटो झाले, तोवर वेटरने तिची न शिवलेली प्लेट उचलून नेली. जागा पक्की समजा, असं बाई डोळे टिपत माझ्या कानात सांगून गेल्या.

मी इराला तडक दत्ताच्या घरी आणलं. आवराआवरीसाठी किल्ली माझ्याकडेच आहे. वरणभाताचा कुकर लावला. त्या टेबलावर कुणा पोराला वाढलं की दत्ता लगेच पाठ करून सिंकमध्ये भांडी घासायला लागायचा. घासायला भांडी नसली तरी. जेवणाऱ्याकडे कुणी बघत बसू नये, एवढंच त्याचं म्हणणं.

"थँक यू, काकू," इरा म्हणाली.

"गप जेव," मी म्हटलं, आणि पाठ फिरवून नळ सोडला.