टँकरचा बुश निघता निघेना

माणूस गाडीखाली आडवा झाला की त्याला वाटतं, आपलं बोलणं कुणाला ऐकूच जात नाही! आमचे मालक, म्हणजे घरधनी, गॅरेज चालवायचे आणि मी शेजारच्या चुलीवर चहा करायची. गाडीखालून दिसायचे नुसते पाय, पण बोलणं सगळं माझ्या कानात! असे किस्से लई साठलेत. आज दुष्काळातल्या टँकरचे तेवढे सांगते.

*

चारा संपला, दूध आटलं, जनावरं छावणीत गेली. मग दूध सोसायटीनं आपला जुना टँकर पाण्याला लावला. खड्ड्यात चाक गेलं की खालून खाडखाड वाजायचं. मालकांनी सोसायटीच्या चेरमनला बजावलं, "स्प्रिंगच्या पाट्याचे बुश गेलेत. लोखंडी नळीत रबर असतं, ते खल्लास झालं. आता लोखंडावर लोखंड आपटतंय."

चेरमन म्हणाले, "आपटू द्या की! लांबून आवाज आला की बायका घागरी घेऊन तयार. हॉर्न तरी कशाला पायजे?"

*

ब्रेक मारला की टँकर डावीकडं ओढायचा. सिरसाळ्याच्या बाजारात एकदा तो थेट चिवड्याच्या गाड्याला नाक लावून थांबला. गाडेवाला ओरडला, "आंधळा हायस का बे?"

ड्रायव्हर नामदेव खाली उतरला. "आंधळा न्हाई दादा, गाडीच ऐकंना. आता आलोच हाय तर एक पुडा बांध!"

*

मग एका सकाळी छावणीचं पाणी घेऊन येताना टँकर आमच्या दारातच एका अंगावर बसला. पाटा सुटायला आलेला. छावणीत आमच्याही दोन गाई होत्या. सगळी जनावरं कालपासून तहानलेली. दिवस मावळायच्या आत पाणी गेलं नाही तर बसलेली जनावरं उठणार नव्हती.

चेरमन धावत आले. "पाणी काढू नका! जॅक लावा अन् भरल्या टँकरखाली शिरा."

मालकांनी पाना त्यांच्या हातात दिला. "तुमी शिरा. मी हितून सांगतो कसं करायचं ते!"

*

पाणी काढायचं ठरलं, पण ओतायचं कुठं? मी गल्लीत हाक दिली. घागरी, पातेली, बंब, पिंपं, जे होतं ते आलं. आमच्या गल्लीची पाण्याची पाळी कैक दिवस आली नव्हती; घरोघरी रांजणाच्या तळाला तांब्या-दोन तांब्या काय ते उरलेलं. बायकांचे ओठ फुटलेले, आणि प्रत्येकीच्या दारात भरलेलं भांडं.

चेरमननं आधीच टाकीत काठी बुडवून खूण केलेली. "ह्या खुणेपर्यंत परत भरायचं. पाणी जनावरांचं हाय!"

म्हातारी पारूबाई म्हणाली, "आमी काय मुक्या जीवाच्या तोंडचं पिणार?"

"दाराआड कोण बघतंय, पारूबाई?" चेरमन म्हणाले.



*

लाईट गेलेली, मशीन बंद. पाटा खाली काढला. गोवऱ्या पेटवून पाट्याचं टोक त्यात धरलं, रबर जळून गेलं. नळी मात्र गंजून पाट्याच्या डोळ्यात, म्हणजे टोकाच्या भोकात, चिकटलेली. चेरमननं पाट्यावर नारळ फोडला. नारळ फुटला, नळी तिथंच!

मालक आतून करवतीच्या ब्लेडनं नळी कापायला बसले. नळी कापायची, पण डोळ्याला चीर जाऊ द्यायची नाही. गेली तर भरल्या ओझ्याखाली पाटा मोडणार. ऊन कलत चाललेलं. एक ब्लेड मोडलं. दुसरंही मोडलं.

"झालं का?" चेरमन घडोघडी विचारत होते.

"आता विचारलं तर ब्लेड तुमच्यावर चालंल!"

शेवटी छिन्नीचा ठोका बसला, नळी आत दुमडली आणि ठणकन बाहेर पडली. नामदेवनं ती हौसेनं उचलली. "आई गं!" चटका बसला. "निघाला तरी चावतोच की!"

*

नवे बुश बसले, पाटा चढला. दिवस मावळतीला टेकलेला. चेरमन काठी घेऊन टाकीवर चढले. बायका रांगेनं आल्या. नामदेव एकेक भांडं वर देत होता. एकही भांडं अर्धं नव्हतं.

चेरमननं काठी बुडवली, वर काढून बघितली. खूण बुडाली होती. त्यांनी काठी धोतराच्या सोग्यानं पुसली, पुन्हा बुडवली. खूण पुन्हा पाण्याखालीच.

"नामदेव," ते हळूच म्हणाले, "हितं दुसरा टँकर आल्ता का रे?"

नामदेवनं नाही म्हणून मान हलवली.

खाली पारूबाई डोईवर घागर घेऊन उभी होती. ती म्हणाली, "चेरमन, मोजणं मागनं करा. माझ्या मागं अजून बायका उभ्या हायत!"