मुजीबचं नाटक आणि एबनेझर सर

केडगावचे एबनेझर सर शाळेत मराठी शिकवायचे आणि शिरूरहून निघणाऱ्या आमच्या साप्ताहिकात नाटकांवर लिहायचे. मी तिथं प्रुफं तपासायचो. शिरूर-दौंड भागात कुठंही नाटक असलं की सर एसटीनं जायचे, तिसऱ्या रांगेत बसायचे आणि मंडळाचा चहा घ्यायचे नाहीत. नटमंडळी त्यांना घाबरायची, पण गुरुवारी अंक आला की आधी त्यांचंच पान उघडायची. आमच्याकडच्या नाटकांकडं इतक्या गंभीरपणे बघणारा दुसरा माणूस नव्हता.

१९९८च्या हिवाळ्यात शिरूरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये रांजणगावच्या कामगारांनी नाटक केलं. लिहिलं होतं मुजीबनं, मुख्य कामही त्याचंच. एका ठेकेदाराच्या, पत्रे दाबून कापणाऱ्या प्रेस शॉपमध्ये माल जास्त निघावा म्हणून मशीनचं हात वाचवणारं गार्ड काढून ठेवतात, एका कामगाराची चार बोटं जातात, आणि ठेकेदार म्हणतो, हा घरी कडबाकुट्टीत हात घालून आलाय. शेवटच्या अंकात मुजीब फडक्यात गुंडाळलेला उजवा हात घेऊन उभा राहिला आणि फार हळू बोलला.

सरांनी लिहिलं, ‘अपघाताचा प्रसंग रचलेला वाटतो. लेखकाने कारखाना आतून पाहिलेला नसावा. गुंडाळलेल्या हाताचे सोंग अगदीच ढोबळ. बोटे गमावलेला माणूस इतका शांत उभा राहणार नाही.’

प्रुफं मीच वाचली. एक वेलांटी दुरुस्त केली आणि मजकूर छपाईला सोडला.

मुजीबची बोटं खरोखर गेली होती. रांजणगावच्याच एका शॉपमध्ये, नाटकाच्या सात महिने आधी. त्याला कामावरून काढलं होतं आणि अपघाताची सरकारी चौकशी चालू होती. सरांना यातलं काही माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. तिथल्या ठेकेदाराच्या सुपरवायझरनं कात्रणाच्या झेरॉक्स काढून हजेरीच्या पंचिंग मशीनशेजारी चिकटवल्या. मुजीबच्या बाजूनं साक्ष द्यायला तयार झालेले दोघं आधीच कचरत होते, त्यांना निमित्त मिळालं. चौकशीत ते कात्रण मोठ्यानं वाचलं गेलं.

दुसऱ्या दिवशी मुजीबची बायको मेहरुन आमच्या ऑफिसात आली. हातात अंक होता. सर नेमके तिथंच बसले होते.

“ह्ये कुणी लिवलंय?”

सर उठून उभे राहिले. “मी.”

“मग घरी चला. सोंग कसं असतंय ते दावते.”

सर निघाले, त्यांच्यामागं मीही. मुजीब खाटेवर बसला होता. कुणी काही म्हणायच्या आत त्यानं फडकं सोडलं. अंगठा होता, बाकी काही नव्हतं. सर बराच वेळ बघत राहिले.

“नाटकात फडकं कशाला गुंडाळलंत?” त्यांनी विचारलं.

“लोकं हातच बघत बसली असती, सर. मला बोलणं ऐकवायचं हुतं.”

सरांनी त्याच आठवड्यात पानभर माफीनामा लिहून दिला. संपादक बापूसाहेबांनी चौथ्या पानावर दोन ओळींची दुरुस्ती छापली. ठेकेदार आमचा जुना जाहिरातदार होता. मग सर स्वतः चौकशीला गेले. तिथल्या अधिकाऱ्यानं विचारलं, “अपघात झाला तेव्हा तुम्ही हजर होता?”

“नाही.”

“मग रचलेला आहे असं कशावरून लिहिलंत?”

अधिकाऱ्यानं कात्रण बाजूला सरकवलं.

“आणि खरा आहे असं आता कशावरून सांगताय?”

निकाल मुजीबच्या विरोधात गेला. तो दौंडला मेव्हण्याच्या, शाकीरच्या सायकल दुकानात बसायला लागला. सरांनी लिहिणं सोडलं, त्यांच्या जागी अंकात सत्कारांचे फोटो येऊ लागले.

२००३मध्ये सर मला घेऊन दौंडला गेले. मुजीब डाव्या हातानं ट्यूब घासत होता.

“तुम्ही लिवणं बंद केलं म्हणं,” तो म्हणाला. “मी नाटक बंद केलं. आता रांजणगावात कोण काय बोलतंय का बगा.”

सरांनी नाटकाची वही मागितली.

“न्हाई ऱ्हायली. मेहरुननं पाणी तापवायला चुलीत घातली. मीच म्हणलो, घाल.”

परतीच्या गाडीत सर खिडकीकडं तोंड करून बसले होते. केडगाव जवळ आलं तेव्हा त्यांनी पहिल्या अंकातली सहा वाक्यं मला म्हणून दाखवली. ते नाटक त्यांनी एकदाच पाहिलं होतं.

सर २००५ला वारले. त्यांच्या मुलीनं, रूथनं, मला एक शाळेची वही दिली. सरांनी आठवेल तसं ते नाटक लिहून काढलं होतं. मी वही मुजीबकडं नेली. दुकानाच्या पायरीवर बसून त्यानं सगळी वाचली.

“भाषा सरांची झालीया,” तो म्हणाला.

अपघाताचा प्रसंग जिथं यायचा तिथं पान कोरं होतं. वर एकच ओळ होती, ‘हा प्रसंग मी नीट पाहिला नाही.’ मुजीबनं ती दोनदा वाचली. आतून मेहरुननं विचारलं, काय हाय?

“काय न्हाई,” तो म्हणाला आणि वही मिटून माझ्या हातात दिली. “तुमच्याकडंच ठिवा.”